वाचकांचे प्रश्न : बसून चालवायचा लॉन मोअर

पावसाने उघडीप दिली की गवत बघता बघता गुडघ्याला लागतं आणि आमच्याकडे रायडिंग मोअरबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी रिसॉर्ट, कॉलेजचं मैदान, कोकणातली वाडी आणि परदेशी मुलांकडे राहायला गेलेले आईवडील अशा सगळीकडून प्रश्न आले आहेत. ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: रूप छोट्या ट्रॅक्टरसारखं, इंजिन साधारण १५ ते २४ अश्वशक्तीचं पेट्रोलवर चालणारं, आणि पोटाखाली डेक, म्हणजे पत्र्याचं मोठं उलटं घमेलं. ४२ इंची डेकमध्ये बहुधा दोन पाती असतात. पाती सुरू-बंद करणाऱ्या स्विचला किंवा दांड्याला पुढे सगळीकडे पीटीओ म्हटलं आहे. पहिल्या पत्राच्या उत्तराला आम्ही मुद्दाम जास्त जागा दिली आहे. तुमचा प्रश्न दुसराच असला तरी ते आधी वाचा.

प्र. आमच्या रिसॉर्टवरचा मोअर खड्ड्यात उसळला की मध्येच बंद पडायचा. मेकॅनिकने सीटखालच्या वायरी एकमेकींना जोडून दिल्या, तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. असंच ठेवलं तर चालेल ना? (मुळशी)

उ. नाही. ती जोडणी आजच सोडवा, आणि ती सुटेपर्यंत मोअरची किल्ली कुणाच्या हाती देऊ नका.

पाती फिरत असताना चालकाचं वजन सीटवरून उठलं की सीटखालचा स्विच इंजिनाची ठिणगी तोडतो. अमेरिकन मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटर, ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर. आता चालक चालू यंत्रावरून उतरतो तो कशासाठी, याचा विचार करा. समोर आलेली फांदी बाजूला करायला, नाहीतर ओल्या गवताने तुंबलेलं डेकचं तोंड मोकळं करायला. दोन्ही वेळी हात आणि पाय नेमके डेकपाशी जातात. स्विच शाबूत असेल तर तो सीटवरून उठताक्षणी इंजिन मरतं. वायरी जोडलेल्या असतील तर पाती फिरतच राहतात, आणि उसळून चालक खाली पडला तर मोअर तसाच पुढे जातो, कधी त्याच्याच अंगावर.

मध्येच बंद पडण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. इंजिन बंद करा, किल्ली काढा, सीट पुढे उलटवा. स्विचला जोडलेलं प्लास्टिकचं कनेक्टर काढून आतले पितळी पाय बघा. हिरवट गंज, गवताचा चुरा, उंदराने कुरतडलेली वायर, यांपैकी एक काहीतरी सापडतंच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाय साफ करा, वाळू द्या, बसवताना थोडी पेट्रोलियम जेली लावा. मग मल्टिमीटर बीपवर लावून स्विच बोटाने दाबा-सोडा. दाबल्यावर आवाजात बदल झाला पाहिजे आणि दाबून धरलं असताना तो तुटक येता कामा नये. तुटक आला तर स्विच बदला, महाग वस्तू नाही ती. पुष्कळ मॉडेलांत या स्विचला चार पाय असतात, एक जोडी दाबल्यावर जुळते आणि दुसरी दाबल्यावर तुटते. त्यामुळे नवा स्विच त्याच मॉडेलचा घ्या, दिसायला सारखा आहे म्हणून दुसरा बसवू नका. स्विच चांगला निघाला तर सीटची स्प्रिंग पाहा. चालक अंगाने हलका असेल आणि स्प्रिंग कडक, तर जरा उसळलं तरी स्विच सुटतो. काही सीटना वजनाप्रमाणे स्प्रिंग जुळवायची सोय असते.

दुरुस्ती झाल्यावर, आणि त्यानंतर दर आठवड्याला, सपाट मोकळ्या जागेत ही तपासणी करा. ब्रेक न दाबता किल्ली फिरवा: इंजिन सुरू व्हायला नको. ब्रेक दाबून पण पीटीओ चालू ठेवून फिरवा: तरीही सुरू व्हायला नको. आता नेहमीसारखं सुरू करा, पीटीओ लावा आणि पाय फूटरेस्टवरच ठेवून सीटवरून जेमतेम उठा, खाली उतरू नका. इंजिन बंद पडलं पाहिजे. शेवटी पाती चालू असताना रिव्हर्स टाका: आजच्या बहुतेक मोअरमध्ये इंजिन तरी बंद पडतं किंवा पाती तरी. यांतली एक जरी गोष्ट चुकली तरी त्या दिवशी काम नको.

आणखी एक. पीटीओ बंद केला म्हणजे पाती थांबली असं होत नाही. पात्यांना इंजिनाशी जोडणाऱ्या इलेक्ट्रिक क्लचमधला ब्रेक लागून थांबायला काही सेकंद जातात. बऱ्याच पुस्तिकांत ५ सेकंदांची मर्यादा दिलेली असते. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर ब्रेक झिजलाय किंवा क्लचमधली फट जुळवायला हवी. डेकखाली हात घालायचा असेल तेव्हा पीटीओ बंद, ब्रेक लावलेला, इंजिन बंद, किल्ली खिशात आणि स्पार्क प्लगची टोपी काढलेली. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही टोप्या काढा. तुंबलेलं गवत काठीनेच काढा, हाताने नाही.

प्र. आम्ही दोघं मुलाकडे सहा महिने राहायला आलो आहोत. तो शनिवारी मोअरने अंगण कापतो आणि चार वर्षांचा नातू मांडीवर बसायचा हट्ट धरतो. पाती बंद ठेवून एक चक्कर मारली तर? (न्यू जर्सी)

उ. पाती बंद ठेवूनही नको. ज्या मुलाने एकदा मोअरवर चक्कर मारली त्याच्या लेखी ते खेळणं होतं. पुढच्या शनिवारी इंजिनाचा आवाज ऐकला की ते धावत येतं आणि बहुधा मागच्या बाजूने येतं. चालवणाऱ्याच्या कानाला मफ, समोर लक्ष, इंजिनाची घरघर, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. मोअर मागे घेताना लहान मूल चाकाखाली आणि डेकखाली येणं हा या यंत्राचा सर्वांत भीषण अपघात आहे, आणि बरेचदा चालवणारा घरातलाच असतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे: बसून चालवायच्या मोअरसाठी किमान वय १६ वर्षं, मागून चालत ढकलायच्या मोअरसाठी १२. सहा वर्षांखालची मुलं कापणी चालू असेपर्यंत घरात. मांडीवर, पाठीमागे किंवा मोअरला जोडलेल्या ट्रॉलीत कोणीही नाही.

इथे तुमची खरी मदत होईल. तो पाऊण तास नातवाला घरात सांभाळायचं काम तुमच्यापैकी एकाने ठरवून घ्या. “कोणीतरी बघेल” असं राहिलं की कोणीच बघत नाही. नातू दाराबाहेर आला तर मोअर चालवणाऱ्या मुलाला हाक मारत बसू नका, ऐकू जाणार नाही. त्याला दिसेल अशा ठिकाणी उभं राहून दोन्ही हात हलवायचे आणि त्याने लगेच पीटीओ बंद करायचा, हे आधीच ठरवा. मुलाला एवढं सांगा की रिव्हर्स घेण्याआधी पाती बंद करून मागे आणि खाली दोन्हीकडे पाहायचं, पाहत पाहतच मागे यायचं. रिव्हर्समध्येही कापता यावं म्हणून काही मोअरवर वेगळं बटण किंवा किल्लीची वेगळी खूण असते. घरात लहान मूल असताना ती वापरू नये. डेकच्या बाजूला गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरची झडप कधीही काढू नये आणि ते तोंड घर, रस्ता किंवा माणसांकडे येईल अशा दिशेने फेऱ्या मारू नयेत. सुपारीएवढा दगडही तिथून गोळीसारखा सुटतो.

प्र. वाडीला उतार आहे आणि मध्ये मध्ये जांभ्याचे गडगे (दगडी बांध). उतारावर आडव्या फेऱ्या मारल्या तर गवत छान कापलं जातं, पण भीती वाटते. किती उतार चालतो? (दापोली)

उ. भीती वाटते ती योग्यच आहे. बसून चालवायचा मोअर उतारावर आडवा चालवायचा नाही, सरळ वर आणि सरळ खाली चालवायचा. मागून ढकलायच्या मोअरचा नियम बरोबर उलटा आहे, तो आडवा चालवतात, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. बसायच्या मोअरची चाकं जवळजवळ असतात आणि माणूस वर बसल्यामुळे भार उंचावर जातो. आडवा असताना वरचं चाक एखाद्या ढेकळावर चढलं की तो कलंडायला तेवढंच पुरतं.

बहुतेक कंपन्या १५ अंशांची मर्यादा देतात, काही १० अंशांची. तुमच्या पुस्तिकेत असेल तोच आकडा धरा. मोजणं सोपं आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, गवंड्याच्या लेव्हलने पट्टी आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. २७ सेंटिमीटर म्हणजे १५ अंश, साडेसतरा म्हणजे १०. वाडीत जिथे सर्वांत जास्त उतार वाटतो तिथे मोजा, सरासरी काढत बसू नका. ज्या उतारावर मोअर रिव्हर्समध्ये सरळ वर चढत नाही तिथे तो न्यायचाच नाही.

उतारावर थांबणं, पुन्हा सुटणं, वळणं टाळा. वळावंच लागलं तर अगदी हळू आणि उताराच्या खालच्या दिशेने वळा. चाकं घसरायला लागली तर आधी पीटीओ बंद करा आणि गिअरमध्येच सरळ खाली या. न्यूट्रल करू नका, क्लच दाबू नका, मोअर मोकळा सुटेल. मोअर कलतोय असं वाटलं तरी पाय जमिनीवर टेकवून सावरायचा प्रयत्न करायचा नाही. मागे गवताच्या पिशव्या लावल्या असतील तर भार मागे जातो आणि चढावर पुढची चाकं हलकी होतात, म्हणून उतारावर पिशव्या काढून ठेवा. ओलं गवत असेल त्या दिवशी उताराला हात लावू नका. डोक्यावर संरक्षक कमान असलेला मोअर असेल तर पट्टा बांधाच. कमान नसेल तर स्वतःला सीटला बांधून घेऊ नका.

गडग्यांबद्दल आम्हाला उतारापेक्षा जास्त काळजी वाटते. पावसात गडग्याच्या मागची माती धुपून आतून पोकळ होते, वरून गवत मात्र हिरवंगार असतं. अशा कडेवर मोअरचं आणि माणसाचं मिळून तीन-साडेतीनशे किलो वजन गेलं की कड सुटते. प्रत्येक कडेपासून मोअरच्या दोन रुंदींएवढी, म्हणजे किमान दोन मीटर पट्टी सोडा आणि ती ब्रशकटरने किंवा विळ्याने काढा.

पाऊस संपल्यावर पहिल्या कापणीआधी काठी आणि उंच बूट घेऊन संपूर्ण वाडी पायाखाली घाला. नारळ, झावळ्यांचे हिर, सुंभ, जांभ्याचे सुटे तुकडे उचला. जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. कमरेएवढं गवत थेट मोअरने कापू नका, ते त्याचं कामच नाही. आधी ब्रशकटरने वीतभर ठेवून कापा, दोन दिवस सुकू द्या, गोळा करा, मग डेक सर्वांत उंचीवर ठेवून अर्ध्या रुंदीने फेऱ्या मारा.

प्र. ठिबकची लॅटरल (पाण्याची बारीक नळी) पात्यात गेली. होती तेवढी ओढून काढली, पण आता डेकमधून घरघर येते आणि रबर जळल्याचा वास. (नाशिक)

उ. लॅटरल दिसते तेवढीच गेलेली नसते. पात्याच्या वर, जिथे स्पिंडल, म्हणजे पातं फिरवणारा दांडा, डेकमधून खाली येतो, तिथे तिचा तुकडा गुंडाळून उष्णतेने वितळतो आणि बेअरिंगचा सील कापतो. सील गेला की गवताचा रस आणि माती आत, मग घरघर.

डेकखाली हात घालण्याआधीची, पहिल्या उत्तरात सांगितलेली सगळी बंदोबस्ती करून पाती उतरवा आणि वितळलेलं प्लास्टिक चाकूने सोलून काढा. डेकचा पट्टा पुलीवरून सोडवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहा. गुळगुळीत फिरली पाहिजे. रेती असल्यासारखी खरखर लागली किंवा वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. एक गेलं तरी त्या स्पिंडलची वरची-खालची दोन्ही बदला. नंबर बेअरिंगवरच असतो, अनेक मॉडेलांत ६२०३ असतं आणि ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा. स्पिंडलला ग्रीस निपल असेल तर ग्रीस गनचे एक-दोन दाब पुरे. ग्रीस बाहेर येईपर्यंत मारलं की सील उचलला जातो.

वास पट्ट्याचा आहे. स्पिंडल जड झाल्यामुळे तो पुलीवर घसरला. त्याच्या बाजूंना काचेसारखी चकाकी आली असेल तर बदला. पिठाच्या गिरणीचा किंवा पंपाचा त्याच मापाचा पट्टा बसवायचा मोह होईल, तो टाळा. डेकचा पट्टा ताणणाऱ्या पुलीवरून पाठीच्या बाजूनेही वाकतो. त्यासाठी आतला दोरा आणि वरचं कापड वेगळं असतं. साधा पट्टा तिथे थोडे दिवसच टिकतो.

प्र. कॉलेजच्या मैदानावर गवत एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उंच कापलं जातं, पट्टे दिसतात. डेक वाकलाय का? (कोल्हापूर)

उ. आधी चाकातली हवा बघा. लहान मोअरला पुढे साधारण १४ आणि मागे १० पौंड लागते. पंक्चरवाल्याला न सांगता दिलंत तर तो स्कूटरएवढी, २५-३० भरतो. चारही चाकं बरोबर झाल्यावर सिमेंटच्या सपाट जागेवर, प्लगची टोपी काढून, जाड हातमोजे घालून पाती आडवी फिरवा आणि डाव्या-उजव्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. मग पाती पुढे-मागे करा. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली हवं, म्हणजे गवत एकदाच कापलं जातं. जुळवणी डेक टांगलेल्या सळ्यांच्या नटांवर होते. हे सगळं बरोबर असून पट्टे राहत असतील तर पातं वाकलंय. एका टोकाची उंची मोजून, तेच पातं अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या टोकाची उंची त्याच जागी मोजा. फरक आला तर पातं फेका. ठोकून सरळ केलेलं पातं पुढे तडकतं.

आणि कापताना इंजिन पूर्ण रेसवर ठेवा. पेट्रोल वाचवायला अर्ध्या रेसवर चालवलं की पात्याचा वेग पडतो, गवत कापलं न जाता झोपतं, आणि फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा कमी होऊन इंजिन तापतं. हळू जायचं असेल तर मोअरचा वेग कमी करा. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ओढून रेस वाढवणं मात्र कधीही नको. वर दिलेली पात्याच्या वेगाची मर्यादा त्या स्प्रिंगवरच टिकून असते.

प्र. दोन महिने उभा होता. आता चोक दिला की सुरू होतो, चोक काढला की मरतो. कधी कधी रेस आपोआप वर-खाली होते. पंपावर मिळतं तेच पेट्रोल घालतो. (पुणे)

उ. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजलंय. चोक दिला की हवा कमी होते म्हणून थोडं पेट्रोलही पुरतं, चोक काढला की पुरत नाही.

आपल्याकडे आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि लहान इंजिनांच्या बऱ्याच कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिना-दोन महिने राहिली की पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळं बसतं आणि तिथून थेट कार्बोरेटरच्या वाटीत येतं. तुमच्या इंजिनाला किती टक्के चालतं ते पुस्तिकेत पाहा, नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. पेट्रोल दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच आणा. डबा गच्च बंद ठेवा.

साफसफाई उघड्यावर, इंजिन थंड असताना, बॅटरीची काळी वायर काढून करा. टाकीचा पाइप चिमट्याने बंद करा. कार्बोरेटरखालची वाटी एका बोल्टने धरलेली असते. पुष्कळ मोअरमध्ये तो बोल्ट म्हणजेच पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड असतो, त्याची वायर आधी सोडवा. वाटी काचेच्या बरणीत ओता आणि थोडा वेळ ठेवा, तळाशी पाण्याचे थेंब डोळ्यांना दिसतील. मुख्य जेट काढून उजेडाकडे धरा. गोल स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. वायरीतली तांब्याची एक तार काढून तिने मोकळं करा, कार्बोरेटर क्लीनर मारा. सुई किंवा ड्रिल घालू नका, भोक एका केसाने मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. रेस वर-खाली होते ती बहुधा आयडल जेटच्या बारीक वाटेमुळे, तीही त्याच वेळी साफ करा. पेट्रोल फिल्टर नवा लावा, बाणाचं टोक इंजिनाकडे.

सुरू करण्याआधी ऑइलची दांडी काढून वास घ्या. ऑइल खुणेच्या वर चढलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोटची सुई गळतेय, पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये गेलंय. तसंच सुरू केलंत तर इंजिन जाईल. सुई बदला, ऑइल बदला, मग किल्ली फिरवा.

वीस मिनिटं चालून बंद पडणं आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर पुन्हा सुरू होणं, हा दुसराच रोग. झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं.

प्र. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. बॅटरी नवी घातली, स्टार्टरही बदलला. (नागपूर)

उ. दोन्ही बदलायच्या आधी व्हॉल्व्ह बघायला हवे होते. या इंजिनांत कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक बारीक उंचवटा असतो. सुरू करताना तो व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, म्हणजे दाब कमी होऊन स्टार्टरला इंजिन फिरवता येतं. व्हॉल्व्हची फट झिजून वाढली की त्या उंचवट्याने व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि स्टार्टर पूर्ण दाबाशी झगडत अडकतो.

प्लग काढा, हाताने फ्लायव्हील फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर आणा, मग ६ मिलिमीटर खाली उतरवा. व्हॉल्व्ह कव्हर काढून फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजा. एका सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत इनटेकची ०.१० आणि एक्झॉस्टची ०.१५ मिलिमीटरच्या आसपास हवी. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतला धरा. गेजची पट्टी किंचित घासत सरकली की नट घट्ट करा आणि घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना फट बदलते. तरीही अडकलं तर बॅटरीची काळी वायर चेसिसला जिथे लागते तो बोल्ट काढून पत्रा कानशीने घासून चमकवा. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट साडेनऊच्या खाली जाता कामा नयेत.

प्र. पात्याला धार किती दिवसांनी लावायची? आमचा माळी दर आठवड्याला ग्राइंडरवर सुरीसारखी लावतो. (बार्देश, गोवा)

उ. २०-२५ तासांच्या कामानंतर पुरे. दगड लागला असेल तर लगेच. धार गेली आहे का ते गवत सांगतं: कापल्याच्या दुसऱ्या दिवशी टोकं चिंध्या झालेली आणि पांढरट-तपकिरी दिसली तर पातं कापत नाही, ओरबाडतं.

सुरीसारखी धार पहिल्याच खड्याला दुमडते. मूळ उतारच धरा, साधारण ३० अंश, फक्त वरच्या बाजूने घासा आणि कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी राहू द्या. आम्ही कानस सुचवतो. ग्राइंडरवर पातं निळं पडलं की तिथलं पोलाद मऊ झालं. शिकंजात पातं घट्ट धरा, कानस एकाच दिशेने, धारेकडून पाठीकडे लांब ओढा, आणि दोन्ही टोकांना मोजून तेवढेच हात मारा. मग भिंतीत खिळा ठोकून पातं मधल्या भोकावर टांगा. जे टोक खाली जाईल ते जड, त्याच्या पाठीकडून थोडं घासा. तोल नसलेलं पातं तुमचे स्पिंडल बेअरिंग खातं. बसवताना पात्याचे वर वळलेले पंख डेकच्या बाजूला. बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. बोल्ट हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा घालू नका, मूळ बोल्ट कडक पोलादाचा असतो.

पाती काढायला मोअर जॅकवर उचलाल तेव्हा नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. डेक खालून खरवडून कोरडा करा. तुमच्याकडच्या हवेत ओल्या गवताचा थर तसाच राहिला तर पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत चाळणी होतो. पाण्याचा फवारा स्पिंडलवर आणि इंजिनावर मारू नका.

प्र. ऑक्टोबरनंतर एप्रिलपर्यंत मोअर गॅरेजमध्ये पडून असतो. काय करून ठेवावं? (टोरोंटो)

उ. शेवटच्या कापणीनंतर इंजिन गरम असतानाच ऑइल बदला. एका सिलिंडरला साधारण १.४ लिटर आणि दोन सिलिंडरला १.९ लिटर लागतं. ओतून मोकळे होऊ नका, दांडीवर बघत भरा. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल चालेल. नव्या मोअरचं पहिलं ऑइल मात्र ५ ते ८ तासांतच बदलायचं असतं. ताज्या पेट्रोलमध्ये ते खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घालून, उघड्यावर, दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये चालवू नका. सायलेन्सरभोवतीचं सुकं गवत झाडून काढा आणि मोअर थंड झाल्यावरच आत घ्या. गॅरेजमध्ये पाणी तापवायचा गॅस हीटर असेल तर पेट्रोलचा मोअर त्याच्या शेजारी ठेवू नका. एअर फिल्टर कागदी असेल तर बदला. प्लगची फट ०.७६ मिलिमीटर आहे का बघा. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. काढताना आधी काळी वायर सोडवा, लावताना काळी शेवटी.